हिरव्या पट्ट्यातली शाळा

किनारा मोजायचं काम ज्या खोलीत चालायचं, तिथून समुद्र दिसत नव्हता. खिडकीतून दिसायचं ते बँकेचं वाहनतळ आणि एका हॉटेलचा मागचा दरवाजा, जिथे आचारी सिगारेट ओढत उभा असायचा. समुद्र बघायचा तर पडद्यावर, तोही वरून. थोरलीला त्याचं काही वाटत नसे. ती म्हणायची, डॉक्टर काय पोटात शिरून पोट तपासतो?

थोरली म्हणजे दोघी बहिणींतली थोरली. ऑफिसात तिला दुसरं नाव होतं, पण घरचं नाव माणसाला जास्त चिकटतं, म्हणून आपणही तेच वापरू. उपग्रहानं काढलेली जुनी-नवी चित्रं एकावर एक ठेवायची, प्रत्येकात पाणी कुठे संपतं आणि वाळू कुठे सुरू होते ती कड आखायची, आणि दोन कडांमधलं अंतर मोजून किनारा किती मागे हटला ते सांगायचं, हे तिचं काम. जिथे समुद्र जमीन खातो तो पट्टा तांबडा, जिथे कुरतडतो तो पिवळा, जिथे गप्प बसतो तो हिरवा. तिच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी तिच्या रेघा तपासायचा आणि न पटलेल्या पुसायचा. त्याला सगळे खोडरबर म्हणत. आपल्या बायकोनंही फोनमध्ये आपला नंबर त्याच नावानं ठेवलाय, असं तो मोठ्या अभिमानानं सांगे.

त्या सकाळी मात्र चेष्टेची हिंमत कुणाला नव्हती. वादळ दुपारनंतर किनाऱ्याला टेकणार होतं आणि नेमकी तीच भरतीची वेळ होती, तीही अमावास्येच्या मोठ्या भरतीची. दुष्काळात तेरावा महिना. आणि या सगळ्याच्या तोंडावर होता समुद्र आणि खाडी यांच्यामधे घुसलेला वाळूचा लांब, अरुंद पट्टा. त्यावर एक वस्ती होती आणि त्या वस्तीत धाकटीचं सासर.

धाकटीचा नवरा लाकडी बोटी बांधायचा. पत्र्याची एक लांबलचक शेड आणि आत कायम एक अर्धवट बोट, असा त्याचा संसार. धाकटी म्हणायची, माझी सवत शेडमध्ये राहते. कालपासून वस्तीतली सगळी माणसं तिथल्या नव्या शाळेत हलवली होती. पट्ट्याबाहेर नेण्यापेक्षा तिथेच ठेवावीत असं वर ठरलं होतं, कारण शाळा नकाशावर हिरव्या पट्ट्यात येत होती. तो हिरवा रंग थोरलीनं भरला होता.

काल संध्याकाळी धाकटीनं फोन करून विचारलंही होतं, "ताई, खरं सांग. शाळा कशात येते?"

"हिरव्यात."

"मग राहू ना इथंच?"

"रहा गं. जुनी, घट्ट जमीन आहे ती. वर्षानुवर्षं हललेली नाही."

एवढं बोलून थोरली निवांत झोपली होती. सकाळी ऑफिसात आल्यावर तिनं सहज, म्हणजे बहिणीचा आवाज ऐकायला म्हणून, पुन्हा फोन लावला.

"जेवणाखाण्याचं बघतेय," धाकटी म्हणाली. मागे पोरांचा कालवा चालला होता. "दीडशे तोंडं आणि एक शेगडी. आणि आमचे साहेब शेडवर. चार माणसं गोळा केलीयत. वारा वाढायच्या आत शेड मागे घ्यायची म्हणे."

"मागे घ्यायची म्हणजे?"

"म्हणजे मागे. खाली ओंडके घालायचे आणि ढकलायची. पाणी दाराशी आलं की घेतात ना मागे. सासऱ्यांच्या वेळेपासून तसंच आहे. आपण पलंग सरकवतो तसं."

थोरलीच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं टेबलावर ठेवला. कप अर्धा टेबलाबाहेर आला होता, हे खोडरबरनं बघितलं आणि आत सरकवला.

"किती वेळा घेतलीय मागे?"

"मला काय माहीत? माझ्या लग्नानंतर दोनदा. तुला सांगितलं नव्हतं? त्या वेळी कमर धरली होती ह्यांची."

कमर धरल्याचं सांगितलं होतं. कशानं, ते थोरलीनं विचारलं नव्हतं.

आता इथे थोडं थांबून धंद्यातली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर थोरलीनं कप का ठेवला ते कळणार नाही. दोन चित्रं जुळवायची म्हणजे दोन्हींत दिसणाऱ्या, न हलणाऱ्या खुणा शोधायच्या आणि खुणेवर खूण ठेवायची. शहरात अशा खुणांना तोटा नाही. त्या पट्ट्यावर काय होतं? वाळू, झुडपं, दर मोसमाला वाट बदलणारी एक पायवाट, पाण्याची एक उंच टाकी आणि ती शेड. शेडचे चारही कोपरे चित्रात कसे सुरीनं कापल्यासारखे. थोरलीनं जुन्या चित्रातल्या शेडवर नव्या चित्रातली शेड ठेवली. चार कोपरे जुळले. टाकी मात्र जुळेना, ती लांब पडायची. पण उंच वस्तू वरून काढलेल्या चित्रात कलंडलेल्या दिसतात, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून थोरलीनं टाकी वगळली, खोडरबरनं मान डोलावली आणि प्रकरण मिटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

कारण शेड चालत होती. समुद्र जितका आत येई तितकी शेड मागे जाई. शेडवर शेड ठेवली की अख्खं नवं चित्र समुद्राकडे ओढलं जाई आणि किनारा जिथल्या तिथे दिसे. बटण एक काज चुकलं की सगळा सदरा वाकडा, पण प्रत्येक बटण लागलेलंच असतं.

"ऐक," थोरली म्हणाली. आवाज नेहमीसारखा ठेवायचा तिनं प्रयत्न केला. "शाळेच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, वाळूचं रुंद टेकाड आहे ना?"

"टेकाड? ते कुठलं आता? मागच्याच्या मागच्या मोसमात गेलं ते. आता झाडांची एक रांग आहे, आणि पलीकडे पाणी."

"आणि तू मला बोलली नाहीस!"

"तू विचारलंस कधी?" धाकटी म्हणाली. रागानं नाही, नवल वाटून. "आम्हाला वाटलं, तुला वरून सगळं दिसतं."

थोरलीनं पाच मिनिटांत फोन करते म्हणून सांगितलं आणि खुर्ची खोडरबरकडे वळवली.  ती एवढंच म्हणाली, "शेड हलते."  खोडरबरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिला दिसला, कारण मान त्यानंच डोलावली होती.

"टाकी घे," तो म्हणाला. "डोकं नको, पाय घे. पायांशी कलंडत नाही काही."

"एकट्या टाकीवर?"

"खाडीपलीकडचा पूल दिसतो कोपऱ्यात. टाकी आणि पूल."

दोघं एका पडद्यापुढे बसले. माउस खोडरबरनं घेतला. त्यानं शेडचे चार कोपरे एकेक करून पुसले. टाकीचे पाय धरले, पुलाची दोन टोकं धरली. मशीननं जरा वेळ घेतला. मग अख्खं चित्र सरकलं. एखाद्यानं टेबलावरचं कापड ओढावं तसा किनारा आत आला आणि शाळेच्या ठिपक्यापुढे एक चिंचोळी, पांढरी पट्टी उरली. आणि हे चित्रसुद्धा ढग नसलेलं शेवटचं, म्हणजे जुनं. तेव्हापासून समुद्र काही उपवासाला बसला नव्हता.

पायाखालची वाळू सरकणं हा वाक्प्रचार थोरलीनं आयुष्यात शंभरदा वापरला असेल. तो कुणाच्या पायाखालच्या वाळूबद्दल आहे, ते आज कळलं.

मॅडम, म्हणजे या केंद्राच्या प्रमुख, आतल्या केबिनमध्ये वादळाच्या नियंत्रण कक्षाशी फोनवर बोलत होत्या. दोघं न विचारता आत शिरले. थोरलीनं पडद्यावरचं चित्र फोनवर आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. शेड, टाकी, टेकाड. मॅडमनी एकदाही अडवलं नाही. त्या माणूस बोलत असताना चष्मा पुसत, आणि चष्मा पुसून झाला की उत्तर देत. आज पुसणं मधेच थांबलं.

"तुझी खात्री आहे?"

"नव्या रेघेची पूर्ण नाही," थोरली म्हणाली. "जुनी चुकली आहे, याची आहे."

मॅडमनी फोन पुन्हा उचलला. कक्षातल्या साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "काल हिरवा, आज तांबडा! मॅडम, हा नकाशा आहे की सिग्नल?"

"चूक आमची आहे. तुम्ही म्हणाल तिथे सही देते. आधी बस पाठवा."

"बस पाठवतो हो, पण तो एकच रस्ता आहे. भरतीच्या आधीच पाण्याखाली जातो. मधेच बस अडकली तर? शाळेत निदान डोक्यावर छप्पर आहे. मागच्या वेळेला तुम्ही सगळ्यांना हलवायला लावलंत, काही झालं नाही, आणि लोकांची घरं फोडली चोरांनी. आठवतं ना?"

आठवत होतं. लांडगा आला रे आला, ही गोष्ट सगळ्यांनाच पाठ असते. फक्त लांडगा खरंच येतो तो शेवटचा भाग सांगताना लोक घाई करतात.

मॅडमनी फोनवर हात ठेवला आणि थोरलीकडे बघितलं. "तुझी बहीण आहे ना तिथे? मला एक सांग. तिला तू आत्ता, या वेळेला, त्या रस्त्यावरच्या बसमध्ये बसवशील?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. थोरलीला तो रस्ता डोळ्यांपुढे दिसला, दोन्ही बाजूंनी पाणी आणि मधे डांबराची पट्टी. काल याच तोंडानं तिनं 'रहा' म्हटलं होतं. आज 'नीघ' म्हणायचं, आणि रस्त्यात काही झालं तर? शाळेत मेली तर चूक नकाशाची म्हणता येईल, रस्त्यात मेली तर थोरलीचीच. असा विचार मनात आला, याची तिला शिसारी आली.

"बसवीन," ती म्हणाली. "पण आत्ताच. अर्ध्या तासानं विचाराल तर नाही."

मॅडमनी हात काढला. "साहेब, पाठवा. जबाबदारी माझी."

जिन्यात उभं राहून थोरलीनं धाकटीला फोन लावला. खोलीत सगळ्यांसमोर बोलायचं धैर्य तिच्यात नव्हतं.

"बस येतायत. सगळ्यांना बाहेर काढ. सामान नाही, फक्त माणसं."

"ताई, काल तूच म्हणालीस—"

"चुकलं माझं."

"किती चुकलं?"

"तू उभी आहेस तिथपर्यंत."

 पलीकडून धाकटीचा आवाज आला, फोनपासून लांब, शाळेच्या घंटेसारखा खणखणीत, "उठा! सगळे उठा! भांडी राहू द्या! आजींना खुर्चीसकट उचला!" थोरली भिंतीला टेकली. लहानपणी धाकटीच्या या आवाजाची तिला लाज वाटायची, पाहुण्यांसमोर तर फारच. आज त्या आवाजावर तिचा जीव लटकला होता.

मग धाकटी पुन्हा जवळ आली. "ते शेडवर आहेत. माझं ऐकणार नाहीत. तू बोल."

धाकटीच्या नवऱ्यानं फोन उचलला तेव्हा त्याला धाप लागली होती. मागे माणसं एका सुरात ओरडत होती आणि लाकूड करकरत होतं.

"भावोजी, बस येतायत. निघा."

"ताई, तुम्ही बायकापोरांना न्या. आम्ही शेड मागे घेतो आणि येतो. आत अर्धी बोट आहे, लोकाची."

"मागे कुठे घेणार?"

"मागे म्हणजे, शाळेच्या मागं."

"आणि शाळेच्या मागे काय आहे?"

 मागचा ओरडा थांबला.

"खाडी," तो म्हणाला.

"माझ्या चित्रांत तुमची शेड वेगवेगळ्या ठिकाणी आहे, भावोजी. मला मूर्खाला ती एकाच ठिकाणी दिसली, ती गोष्ट निराळी. पण प्रत्येक वेळी मागे जागा होती. आता नाही. तुमच्या वडिलांनी मागे घेतली, तुम्ही घेतलीत. आता ढकललीत तर खाडीत जाईल."

"बोट लोकाची आहे, ताई."

"लोक दुसरी बांधून घेतील. माझ्या बहिणीलाही दुसरा नवरा मिळेल हो, पण ती पुन्हा बोटी बांधणाराच शोधेल. तिला अक्कल कुठे आहे?"

त्याच्या घशातून हसण्यासारखा आवाज निघाला, की वारा होता, कोण जाणे. आणि फोन कटला. थोरलीनं लावला, पुन्हा लावला. मग त्या पट्ट्यावरचा कुणाचाच फोन लागेना. मोबाइलचा मनोरा वाऱ्यात गेला होता.

त्यानंतरच्या दुपारबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि थोरलीला विचाराल तर आयुष्यातली सगळ्यात मोठी दुपार तीच. समोरच्या हॉटेलवाल्यानं मागचा दरवाजा आतून लावून घेतला. वाहनतळावर एक पत्रा लोळत इकडून तिकडे गेला. खोडरबर तीच तीच रेघ पुन्हा आखत होता आणि पुसत होता. मॅडम उभ्याच होत्या. कक्षाकडून कळलं, पहिली बस आली. मग बराच वेळ काही नाही. मग कळलं, दुसरीही आली, चाकं पाण्यात होती. तिसरीचं काही कळेना.  थोरलीला देवाचं नाव घ्यावं असं वाटलं, पण ज्याच्याकडे मागायचं त्याला चुकीचा नकाशा दाखवून मागतोय, असं काहीतरी मनात आलं आणि तिनं ओठ दाबून धरले.

फोन वाजला तो अनोळखी नंबरचा.

"आलो," धाकटी म्हणाली.

"कोण कोण?"

"सगळे. तिसऱ्या बसमध्ये होतो. ड्रायव्हरच्या पायापर्यंत पाणी आलं होतं, आणि त्यात हे खाली उतरून पुढं चालत होते, रस्ता दाखवायला. हातात काठी घेऊन. एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी, अजून बोलत नाहीयेत."

थोरली जिन्यात जाऊन बसली आणि रडली. मोठ्यांदा, हुंदके देऊन, तोंडाला पदर न लावता. खोडरबर दारापर्यंत आला आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलंच होतं, पण रडारच्या उपग्रहाला ढगांची पर्वा नसते. दुपारी चित्र उतरलं. धाकटी आणि तिचा नवरा थोरलीच्याच घरी उतरले होते. ती दोघं ऑफिसात आली, पण तो बाहेर बाकावर बसला, आत यायला तयार होईना. धाकटी आत आली, थोरलीचे कपडे अंगात, बाह्या दुमडलेल्या.

रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं आणि जमीन राखाडी. वाळूचा पट्टा आता सलग नव्हता. मधे काळं होतं, समुद्रापासून थेट खाडीपर्यंत. त्या काळ्याच्या काठावर एक पांढरा ठिपका चमकत होता.

"शाळा?" धाकटीनं विचारलं.

"अर्धी."

"शेड?"

थोरलीनं नकारार्थी मान हलवली.  तिनं माउस हातात घेतला. कक्षाला नवा किनारा लगेच हवा होता. बुडालेलं कुठलं आणि उरलेलं कुठलं हे त्या रेघेवरून ठरणार होतं. रेघेच्या आत जी घरं येतील त्यांना परतीची परवानगी मिळणार होती, बाहेर येतील त्यांना कधीच नाही. ती हळूहळू कड आखत गेली, काळ्या-राखाडीच्या सीमेवरून. झाडांच्या रांगेपाशी पोचली. तिथून पुढे सीमा आत वळत होती, आणि तिला माहीत होतं कुठे, धाकटीच्या घराकडे.

माउस थांबला. जरासं बाहेरून घेतलं असतं तर? दोन पिक्सेल. रडारच्या चित्रात एवढं कुणाला दिसलं असतं? खोडरबर स्वतःच्या पडद्याकडे बघत होता, अगदी मुद्दाम.

"ताई," धाकटी म्हणाली.

"हं."

"आमच्यासाठी वाकवू नकोस."

थोरलीनं मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हात चाललाच नसता. डोळ्यांतल्या पाण्यानं कड धूसर दिसत होती, ती तिनं मनगटानं पुसली.

"आमच्या स्वयंपाकघरातून जाते का?"

"हो."

"मग तिथूनच ने."

तिनं नेली. रेघ पलीकडे बाहेर पडेपर्यंत धाकटीचा हात तिच्या खांद्यावर होता.